रिकामी पाटी

आमचे वडील वसईच्या वाडीतील केळी, भाजी आणि मोगऱ्याच्या कळ्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जात असत. सदऱ्याच्या खिशात त्यांची एक लहानशी वही असे. तिच्यात मालाची विक्री एका बाजूला आणि भाडे, हमाली, चहापाणी दुसऱ्या बाजूला लिहिलेले असे. आम्ही शाळकरी वयात ती वही चाळत असू तेव्हा एक गोष्ट आम्हांला कोड्यात टाकी. जाण्याचे भाडे आणि येण्याचे भाडे ते निरनिराळे लिहीत, आणि येण्याच्या भाड्याखाली एक रेघ ओढीत. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, भरलेली पाटी आपले भाडे आपणच फेडते. परतीची रिकामी पाटी असते ना, तिचे भाडे आपल्या खिशातून जाते. त्यावर डोळा ठेवायचा."

पुढे आम्ही एका विमा कचेरीत हिशेबनीस म्हणून तेहतीस वर्षे काढली, दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि निवृत्त झालो. वडिलांचे ते वाक्य मात्र आम्ही विसरलो. ते आठवले ते आमची हायब्रिड मोटारगाडी अंगणात उभी राहिल्यावर, आणि तेही थोडे उशिराच. त्या गाडीचा हिशेब या पानांवर मांडावा असे वाटले, कारण आपल्या गावांतून आता पुष्कळ कुटुंबे असाच विचार करीत आहेत, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर आवारात आम्हांला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : "काय हो, अ‍ॅव्हरेज किती देते?"

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या पत्नीवर परळच्या रुग्णालयात किरणोपचार चालू होते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेली होती, औषधांची आवर्तने संपली होती, आणि आता सोमवार ते शुक्रवार असे पंचवीस वेळा जायचे होते. लोकलच्या गर्दीत तिला नेणे शक्य नव्हते. घरी २००९ सालची एक लहान पेट्रोल गाडी होती. वसईहून महामार्गाला लागावे, खाडीवरचा पूल ओलांडावा, दहिसरच्या नाक्यावर रांगेत थांबावे, आणि मग परळपर्यंत इंचाइंचाने सरकावे. जाऊन-येऊन १२० किलोमीटर. पंचवीस खेपांचे ३,००० किलोमीटर झाले. त्या कोंडीत जुनी गाडी लिटरला ११ किलोमीटरच देई. मुंबईत त्या एप्रिल-मे महिन्यांत पेट्रोल लिटरला १२० रुपये ५१ पैसे होते. म्हणजे सुमारे २७३ लिटर पेट्रोल आणि जवळजवळ ३३ हजार रुपये नुसत्या जाण्यायेण्याचे.

पण पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट मनात घर करून राहिली. शस्त्रक्रियेच्या बाजूची कातडी किरणांनी भाजल्यासारखी झाली होती. गाडी उभी असताना इंजिनाची जी थरथर होते, ती पट्ट्यातून नेमकी त्या जागी पोहोचे. पत्नी म्हणे, "अहो, जरा बंद करा ना इंजिन." इंजिन बंद केले की वातानुकूलन बंद पडे, आणि मे महिन्याच्या दुपारी दोन मिनिटांत गाडीची भट्टी होई. मग तीच म्हणे, "नको, चालू करा." थरथर की उकाडा, एवढीच निवड आम्ही तिला देऊ शकत होतो. ती कधी कुरकुरली नाही. आम्हांला मात्र ते पंचवीस दिवस विसरता आले नाहीत.

त्याच मे महिन्यात होंडा सिटी या गाडीची हायब्रिड आवृत्ती भारतात आली. वर्तमानपत्रात वर्णन वाचले, आणि त्यातल्या एका वाक्याशी आम्ही थबकलो. गाडी उभी असताना इंजिन बंद राहते आणि वातानुकूलन बॅटरीवर चालू राहते, असे ते वाक्य होते.

'हायब्रिड' हा शब्द आपल्याकडे प्रथम आला तो बियाण्यांबरोबर. हायब्रिड ज्वारी आपल्या मागच्या पिढीला ठाऊक होती. दोन जातींचे गुण एका वाणात आणावेत, तसे या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांना एकत्र आणलेले असते. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याने १९०० च्या सुमारास अशी गाडी बनविली होती. व्यवहारात मात्र ती रुजली १९९७ च्या डिसेंबरात, टोयोटाने जपानमध्ये प्रियस आणली तेव्हा. भारतात २००८ साली होंडाची सिव्हिक हायब्रिड आली. साडेएकवीस लाखांची ती गाडी कोणी घेईना, म्हणून त्याच वर्षी तिची किंमत तब्बल आठ लाखांनी उतरवावी लागली. तिच्यानंतर टोयोटाची कॅमरी आली, पण ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती.

या गाडीची खुबी समजावून घेण्यासारखी आहे. साध्या गाडीला आपण चालते करतो तेव्हा पेट्रोल जाळून तिला वेग देतो, आणि पुढच्या क्षणी सिग्नल आला की ब्रेक दाबून तो सगळा वेग उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देतो. पुन्हा पेट्रोल, पुन्हा ब्रेक. हायब्रिड गाडीत वेग कमी करताना चाकेच मोटरला फिरवितात, ती मोटर त्या वेळेपुरती जनित्र बनते, आणि वेगातली काही शक्ती विजेच्या रूपाने बॅटरीत परत येते. हीच वीज पुढच्या वेळी गाडी सुरू करायला उपयोगी पडते. शिवाय कमी वेगात चाके फिरवितो तो मोटर, इंजिन नव्हे. इंजिन लागते तेव्हा ते बहुधा जनित्र फिरविण्यासाठी सुरू होते, आणि त्याला मानवेल अशा गतीने चालते. मोकळ्या महामार्गावर मात्र इंजिन थेट चाकांना जोडले जाते. म्हणून या गाडीचे गणित आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलटे आहे. साधी गाडी महामार्गावर काटकसर करते आणि शहरात उधळते. हायब्रिडचा खरा फायदा दिसतो तो कोंडीत. बाहेरून वीज भरावी लागत नाही, पण बाहेरून मिळणारा एकमेव शिधा पेट्रोलचाच, हेही लक्षात ठेवावे.

आमच्या मुलाने हे सर्व ऐकून घेतले आणि कागद-पेन्सिल काढली. कंपनीचा आकडा लिटरला २६.५ किलोमीटर होता, त्याच बनावटीच्या साध्या स्वयंचलित गाडीचा १८.४. हायब्रिडची किंमत कर सोडून १९ लाख ४९ हजारांच्या घरात, साधीची तिच्यापेक्षा चार लाखांहून अधिक कमी. पेट्रोल १०५ रुपये धरले तर साधी गाडी किलोमीटरला ५ रुपये ७१ पैसे खाते, हायब्रिड ३ रुपये ९६ पैसे. फरक पावणेदोन रुपयांचा. चार लाख फिटायला सव्वादोन लाखांहून अधिक किलोमीटर गाडी पळवावी लागेल.

"डॅडी, तुम्ही आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेत," तो म्हणाला, "आणि हा हिशेब तुम्हांला दिसत नाही? साधी घ्या. चार लाख बँकेत ठेवा. मम्मीला पुन्हा काही लागलं तर?"

त्या शेवटच्या वाक्यावर आम्ही गप्प झालो. तो बरोबर होता. निवृत्तीची पुंजी काही अथांग नव्हती, आणि आजार परतणार नाही असे लिहून कोणी दिले नव्हते. तरीही २०२३ च्या जानेवारीत आम्ही हायब्रिडच घेतली. उपचार संपून सात महिने झाले होते. ज्या पंचवीस दिवसांसाठी ती हवी होती ते दिवस निघून गेले होते. हे आम्हांला कळत नव्हते असे नाही. माणूस कधी कधी चुकलेल्या वेळेचे मोल नंतर चुकवू पाहतो. हिशेबनिसाने तसे करू नये, पण आम्ही केले.

गाडी घेतल्याच्या दिवसापासून मात्र आम्ही वही ठेवली. टाकी भरताना पंपाचे नळ आपोआप बंद होते तिथे थांबायचे, अंतराचा आकडा शून्यावर आणायचा, आणि पुढच्या वेळी धावलेले अंतर भरलेल्या लिटरांनी भागायचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, निदान दहा टाक्यांची बेरीज घ्यायची. दोन वर्षांत, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरअखेर, गाडी १८ हजार किलोमीटर धावली आणि तिने ८४० लिटर पेट्रोल घेतले. सरासरी लिटरला २१.४ किलोमीटर. त्याच बनावटीची साधी गाडी आमच्या शेजाऱ्यांकडे आहे आणि त्यांचाही स्वभाव आमच्यासारखाच वहीचा. वसई-मुंबईच्या याच रस्त्यावर त्यांची सरासरी १३ पडली.

कागदावरचे २६.५ कुठे गेले, असे कोणी विचारील. त्यात फसवणूक नाही. असे आकडे येतात ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेच्या प्रमाणित चाचणीतून. तिथे गाडी रोलरवर ठरावीक वेगाने चालते, आणि वातानुकूलन बंद असते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, पण घरखर्च बांधायला नाही. गंमत अशी की आपल्या रस्त्यावर हायब्रिड घसरली तिच्यापेक्षा साधी गाडी अधिक घसरली, म्हणून फरक उलट वाढला. पेट्रोल १०५ रुपये धरून साधीला किलोमीटरमागे ८ रुपये ८ पैसे, आमच्या गाडीला ४ रुपये ९१ पैसे. प्रत्येक किलोमीटरला ३ रुपये १७ पैसे वाचले. दोन वर्षांत सुमारे ५७ हजार.

५७ हजार ऐकून कोणीही खूश होईल. आम्हीही झालो. मग मुलाचे वाक्य आठवले आणि वहीचे दुसरे पान उघडले. वर्षाला वाचले साधारण साडेअठ्ठावीस हजार. या गतीने वरचे चार लाख फिटायला चौदा वर्षे लागतील. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची, जे आधी होईल ते. हमीनंतर ती बदलायची वेळ आली तर तो खर्च लहान नसणार. आणि तेच चार लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाला २८ हजार रुपये व्याज आले असते, म्हणजे पेट्रोलच्या बचतीइतकेच. वाहनकर गाडीच्या किमतीवर बसतो, तोही जास्त गेला. विम्याचा हप्ताही जास्त. सरकारनेही फारसा हात दिला नाही. तेव्हा साध्या मध्यम सेडानवर ४५ टक्के कर होता आणि हायब्रिडवर ४३. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ४० टक्केच आहे, तर निव्वळ विजेच्या गाडीला ५ टक्के. सर्व्हिसिंगचा खर्च जवळजवळ सारखाच येतो, कारण इंजिन आहे तिथे तेल आणि गाळणी आलीच. वेग आवरण्याचे पुष्कळसे काम मोटरच करते म्हणून ब्रेकची झीज तेवढी कमी होते.

थोडक्यात, आमच्या स्वतःच्या वहीप्रमाणे आमची खरेदी तोट्याची ठरली. मुलगा बरोबर होता. हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो हसला नाही, एवढे त्याचे मोठेपण.

याच वेळी आम्हांला वडिलांची वही आठवली. आम्ही दोन वर्षे धावलेल्या किलोमीटरांकडे पाहत होतो. रिकाम्या पाटीचे भाडे कुठे पडते हे पाहिलेच नव्हते. मग आम्ही गाडीच्या उभ्या राहण्याचा हिशेब केला. दोन वर्षांतले पुष्कळसे दिवस ती अंगणातील आंब्याखाली नुसती उभी होती, आणि तिच्यात गुंतलेले चार लाख तिच्याबरोबर उभे होते. ही गाडी रस्त्यात उभी राहिली तर वाचवते, अंगणात उभी राहिली तर बुडवते.

आमच्या एका नातलगाचे उदाहरण घ्या. त्यांना कामासाठी रोज शंभर किलोमीटर गाडी चालवावी लागते, वर्षातले अडीचशे दिवस. वर्षाला २५ हजार किलोमीटर झाले. आमच्याच फरकाने त्यांचे वर्षाला ७९ हजार रुपये वाचतील आणि चार लाख पाच वर्षांत, बॅटरीची हमी संपण्याआधीच, फिटतील. त्यांना आम्ही निःशंकपणे म्हणू, घ्या. ज्यांची गाडी रविवारी देवळापर्यंत, बुधवारी बाजारापर्यंत आणि नाताळात माहेरपर्यंत जाते, त्यांना म्हणू, साधी घ्या, किंवा आहे ती नीट वापरा.

वहीने आणखी एक भ्रम दूर केला. आपण 'लिटरला किती किलोमीटर' असे विचारतो आणि तिथेच चकतो. १२ ची १७ झाली काय आणि २० ची २५ झाली काय, आपल्याला दोन्हीकडे पाचचीच वाढ दिसते. पण शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते पाहा. १२ ची १७ झाली तर ८.३ लिटरांचे ५.९ होतात, जवळजवळ अडीच लिटर वाचतात. २० ची २५ झाली तर पाचाचे चार होतात, वाचतो एकच लिटर. म्हणून ज्याची गाडी फार खाते, त्याने टायरची हवा, पायाचा जोर आणि अनावश्यक फेऱ्या यांकडे पाहिले तर हजारो रुपये न गुंतवता पुष्कळ साधते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा वीस टक्के इथेनॉलच्या इंधनावर सरासरी थोडी उतरली तर गाडीला दोष देऊ नये. आणि सर्वांत महाग प्रवास कोणता? दोन-अडीच किलोमीटरचा. थंड इंजिन गरम होते न होते तोच आपण उतरतो. आमच्या वहीत अशा फेऱ्यांच्या टाक्या १६ च्या वर गेल्या नाहीत. देऊळ आमच्या घरापासून दीड किलोमीटर आहे. आता आम्ही चालत जातो.

परंतु वहीत न बसलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका बाईंना तेच दुखणे निघाले. तीस वेळा परळला जायचे होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, मुलगा आखातात. आमच्या पत्नीने आम्हांला विचारलेदेखील नाही. त्यांना म्हणाली, "सोमवारपासून साडेसहाला तयार राहा." त्या १८ हजारांतले ३,६०० किलोमीटर असे त्यांच्या खेपांचे आहेत. त्यांनी पेट्रोलचे पैसे देऊ केले, आम्ही घेतले नाहीत. महामार्गावर त्या वर्षी काँक्रीटचे काम चालू होते, आणि खाडीच्या अलीकडे तास-तास गाडी हलत नसे. इंजिन बंद, गाडीत गारवा, आणि मागच्या सीटवर दोघी बायका हळू आवाजात बोलत बसलेल्या. कोणी "बंद करा" म्हणत नव्हते आणि कोणी "चालू करा" म्हणत नव्हते. एकदा मागे वळून पाहिले तेव्हा त्या बाईंना झोप लागली होती. पट्ट्याखाली पत्नीने तिचा रुमाल घडी करून ठेवला होता. तिला ती जागा ठाऊक होती.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही वहीत अंतर आणि लिटर लिहिले. वडिलांसारखी रेघ मात्र ओढली नाही, कारण त्या खेपेला पाटी रिकामी नव्हती.

हे सांगून आम्ही आमचा तोटा झाकीत नाही. चार लाख ते चार लाखच. देव करो आणि त्यांची गरज न पडो, पण पडली तर मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागेल हेही खरे. शिवाय हीच खेप साध्या गाडीनेही करता आली असती, थोडी उकाड्यात, थोडी थरथरत. वाचकांनी आमच्यासारखे आधी गाडी आणि मग वही असे करू नये. आधी वही घ्यावी, घरातील सहा महिन्यांच्या फेऱ्या लिहाव्यात, किती किलोमीटर कोंडीचे, किती मोकळ्या रस्त्याचे, किती दोन-अडीच किलोमीटरांचे, आणि किती खेपांना गाडीत एकटेच बसलो होतो, तेही लिहावे. मग गाडी निवडणे अवघड जाणार नाही. पाच जागांच्या गाडीत चौघे बसले तर त्याच पेट्रोलमध्ये प्रत्येकाचा वाटा पाव होतो. कोणत्याही कारखान्याने अजून याहून मोठी काटकसर शोधलेली नाही.

दहिसरच्या नाक्यावरचा पथकर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना माफ झाला आहे, तेवढा एक रकाना वहीतून कमी झाला. पत्नीची तपासणी आता सहा महिन्यांनी असते. पुढच्या मंगळवारी आम्ही परळला निघणार आहोत, सकाळी साडेसहाला. आळीतील त्या बाई बरोबर आहेत, आणि शेजारच्या गावातील एक वृद्ध गृहस्थ डोळे दाखवायला दादरपर्यंत येणार आहेत. मागे अजून एक जागा रिकामी आहे. कोणाला यायचे असल्यास आदल्या दिवशी सांगावे.